मंडळ बंद पडायला आलंय? पैसे गोळा करण्याआधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी असा एक फोन येतोच. "ताई, आमचं मंडळ बंद पडायला आलंय. जरा येऊन बघाल का?" कधी नौपाड्याकडचं जुनं मंडळ असतं, पत्र्याच्या शेडमध्ये कॅरम आणि टेबल टेनिस. कधी नवी मुंबईत सिडकोच्या भूखंडावर उभं केलेलं संकुल, बॅडमिंटनची दोन कोर्टं, वर सभागृह, खाली व्यायामशाळा. मी बँकेत नोकरी केली आणि ठाण्यातल्या आमच्या मंडळाचे हिशेब १८ वर्षं खजिनदार म्हणून सांभाळले, म्हणून लोक बोलावतात. मी जाते. चहा येतो, मी वह्या मागते, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याच चुका निघतात.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही ठिकाणं एकदा गेली की परत उभी राहत नाहीत. आजच्या ठाण्यात मोकळी जागा मिळवून कुणी चार गल्ल्यांतल्या मुलांसाठी मल्लखांब पुरणार नाही. जे आहे तेच टिकवायचं आहे.

गेल्या गेल्या मी एकच प्रश्न विचारते. महिना बसतो का? म्हणजे ठेव न मोडता, देणगी न धरता, महिन्याच्या आवकेत महिन्याचा खर्च भागतो का? याचं उत्तर सहसा कुणाकडे नसतं. लोक थकबाकीचा आकडा सांगतात. "अकरा लाख लागतील हो." अकरा लाख उभे राहिले आणि थकबाकी फिटली, तरी महिना ४० हजारांनी तोकडा पडत असेल तर सव्वादोन वर्षांत तेवढीच थकबाकी पुन्हा दारात उभी राहते. त्या वेळी मात्र देणगीदार दार उघडत नाहीत. एकदा देऊन झालेलं असतं.

आजीव सभासद करून खड्डा भरणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ती आमच्याच मंडळात झाली आणि मी ती थांबवू शकले नाही.

पावसाळ्यात छत गळून बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट फुगलं होतं. वीजबिल दोन महिने थकलं होतं. कार्यकारिणीत कुणीतरी सुचवलं, आजीव सभासदत्व काढू या, १५ हजार रुपये एकदाच. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी म्हटलं, जरा थांबा, आकडे मांडू या. तेव्हाचे आमचे सचिव म्हणाले, "ताई, लोक पैसे द्यायला तयार आहेत आणि तुम्ही घेऊ नका म्हणताय?" त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. ठराव मंजूर झाला.

२१० जणांनी पैसे भरले. ३१ लाख ५० हजार रुपये. त्यातून छत झालं, कोर्ट झालं, वीजबिल फिटलं, गणपतीत रंगही काढला. उरलेले पैसे पगारात आणि बिलांत गेले. दोन वर्षं आणि काही महिन्यांत खातं पूर्वीसारखं झालं. फरक एवढाच होता की आता २१० माणसं रोज येत होती आणि त्यांच्याकडून एक पैसाही येत नव्हता. वार्षिक वर्गणी तेव्हा ३,६०० होती. म्हणजे वर्षाला ७ लाख ५६ हजारांची आवक आम्ही आमच्या हातानं बंद केली. आणि जे आजीव झाले ते साहजिकच सगळ्यात नियमित येणारे होते. कधीतरी येणारा माणूस १५ हजार भरत नाही.

ठरावाच्या आधी मांडायला हवं होतं ते गणित अगदी साधं आहे. आजीव सभासदाचे पैसे खर्चायचे नसतात, ते कायम निधीत ठेवून त्याचं व्याज वापरायचं असतं. ठेवीवर ७ टक्के धरले तर १५ हजारांचे वर्षाला १,०५० रुपये मिळतात. त्या माणसाची वर्गणी होती ३,६००. व्याजातून तेवढे यायचे तर त्याच्याकडून ५१ हजारांहून जास्त घ्यायला हवे होते, तेही वर्गणी पुढे कधीच वाढणार नाही असं धरून. १५ हजार ही किंमत कुठून आली? शेजारच्या एका मंडळाचा तेवढा दर होता म्हणून.

यातून बाहेर पडायला आम्हाला चार वर्षं लागली. दिलेला हक्क काढून घेता येत नाही आणि घेऊही नये, त्या लोकांनी विश्वासानं पैसे दिले होते. मी यादी घेतली आणि संध्याकाळी सहानंतर घरोघरी गेले. प्रत्येकाला तीच दोन पानं दाखवली, तुमचे १५ हजार कुठे गेले आणि आज तुमच्या खेळण्यावर मंडळाचा किती खर्च होतो. मग विचारलं, वार्षिक देखभाल निधी म्हणून स्वखुशीनं काही द्याल का? १३४ जण हो म्हणाले. काही जण रागावले, ते रास्तच होतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत कोर्टाच्या वेळेचं शुल्क सर्वांनाच लावण्याचा ठराव आला तेव्हा तो मंजूर झाला, कारण त्याआधी दारावर जाऊन बोलणं झालं होतं. ढकलसंदेशावर हे काम होत नाही. नवी मंडळी मला सांगतात, ताई, ग्रुपवर टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. ग्रुपवर अंगठे मिळतात. पैसे दारावर गेल्यावर मिळतात.

तुमच्याकडे आजीव सभासदत्वाचा विषय निघाला असेल तर माझा सल्ला सरळ आहे, काढू नका. काढायचंच असेल तर त्या रकमेची वेगळी मुदत ठेव करा आणि ती सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय मोडता येणार नाही असं लिहून ठेवा.

गळती कुठे आहे ते न बघता कात्री लावणं

घोडबंदर रस्त्याच्या बाजूचं एक संकुल. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद तरण तलाव, दोन कोर्टं, लहान मुलांचे वर्ग. मला बोलावलं तेव्हा तलाव बंद करायचा ठराव तयार होता, फक्त सह्या व्हायच्या होत्या. कारण काय, तर पाण्याचा खर्च. टँकरची बिलं बघितली. दिवसाला जवळपास एक टँकर, दहा हजार लिटरचा.

त्या भागात टँकर हे नवल नाही. कितीतरी सोसायट्यांचं पाणी टँकरवर असतं. त्यामुळे तलावालाही टँकर लागतो हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रात्रपाळीचा वॉचमन पातळी बघायचा आणि भरून ठेवायचा. सकाळी येणाऱ्यांना तलाव कायम काठोकाठ दिसायचा. मला पोहता येत नाही आणि तलावाचं तंत्र मी शिकलेले नाही, पण भागाकार येतो. साडेबारा गुणिले पंचवीस म्हणजे ३१२.५ चौरस मीटर. एवढ्या तलावाची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३,१२५ लिटर पाणी गेलं. रोज एक टँकर म्हणजे रोज तीन सेंटिमीटरहून जास्त. एवढं पाणी उन्हानं उडत नाही.

मग आम्ही बादलीची परीक्षा केली. तलावाच्या पायरीवर प्लास्टिकची बादली ठेवायची, तळाशी दगड घालून, तलावाचंच पाणी भरून. बादलीच्या आतल्या पाण्याची आणि बाहेर तलावाच्या पाण्याची पातळी खडूनं नाही, पक्क्या मार्करनं आखायची. खडू पुसला जातो. चोवीस तास कुणी पोहायचं नाही, पाणी भरायचं नाही. ऊन दोन्हीकडे सारखंच लागतं, तेव्हा दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर ती वाफ. बाहेरची जास्त उतरली तर तेवढी गळती. हे दोनदा करायचं, एकदा पंप बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. पंप बंद असताना फरक जवळजवळ नव्हता. पंप चालू असताना बाहेरची पातळी तीन सेंटिमीटरनं जास्त उतरली. म्हणजे तलावाला तडा नव्हता, पाणी पंपाच्या वाटेवर कुठेतरी जात होतं.

ते फिल्टरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधून, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेतून, जात होतं. आतलं रबर झिजलं होतं, आणि फिल्टर चालू असताना थोडं पाणी सतत बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर धुतल्यावरचं पाणी सोडायच्या, नळीतून थेट गटारात वाहत होतं. त्या पाण्याबरोबर क्लोरीन जात होतं, पीएच सांभाळायला घातलेली पावडर जात होती. नळी जमिनीखालून गेलेली, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नव्हतं. रबर बदलायला अर्धा दिवस लागला. त्यानंतरच्या महिन्यात टँकर आले तीन.

तलावच त्या संकुलाचा कमावता मुलगा होता. एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गांवर वर्षाचा मोठा हिस्सा निघायचा. तो बंद केला असता तर दोन कोर्टांवर पगार निघाले नसते आणि पुढच्या वर्षी मला कुलूप बघायला लागलं असतं. एवढ्या मोठ्या निर्णयाची घाई का होती? कारण कात्री लावली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. बादली ठेवून दोन दिवस वाट बघितली की आपण रिकामे बसलोय असं वाटतं.

विजेचंही हेच. बिल वाढलं म्हणून पंखे बंद करणारे खूप भेटतात, बिल वाचणारे कमी. बिलात वापरलेल्या युनिटचे पैसे वेगळे आणि स्थिर आकार वेगळा, तो दिवा न लावताही येतो. मंजूर भार, म्हणजे जोडणीवर मंजूर करून घेतलेली विजेची क्षमता, कधीकाळी मोठा घेतलेला असतो आणि आता लागत नसतो. तो कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. कोर्टावर ४०० वॅटचे जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर आधी ते बदला. मी स्वतः सकाळी सात आणि रात्री दहा अशी पंधरा दिवस मीटरची वाचनं वहीत उतरवते. रात्री दहा ते सकाळी सात या वेळात आकडा पळत असेल तर कुठलातरी पंप किंवा गीझर चालू राहतो आहे.

मे महिन्याचे पैसे जूनमध्ये संपवणं

उन्हाळी शिबिरात गल्ला भरतो आणि सगळ्यांना वाटतं संकट टळलं. मग नवीन गणवेश, नवा फलक, उद्घाटनाचा कार्यक्रम. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, परीक्षा, सण, आणि वर्ग अर्धे रिकामे. मी शिबिराच्या रकमेचे बारा भाग करून एक भाग चालू खात्यात ठेवते, बाकीचे अकरा दर महिन्याला एक मोकळी होणारी मुदत ठेव करून. बँकेतली मुलं कंटाळतात, पण करून देतात.

"आम्ही बंद होतोय" असा फलक लावणं

हेतू चांगला असतो, लोक जागे व्हावेत. होतं उलटं. वार्षिक वर्गणी भरणारा विचार करतो, बंद होणारच आहे तर वर्षाचे पैसे कशाला अडकवू. प्रशिक्षक दुसरीकडे जागा बघतात. मी बघितलेल्या एका मंडळात फलक लागल्यावर महिन्याभरात टेबल टेनिसचे दोन्ही प्रशिक्षक गेले आणि त्यांच्यामागे मुलं गेली. मदत मागा, जरूर मागा, पण "छताला एवढे हवेत, एवढे जमले" असं सांगून मागा. आणि दर महिन्याच्या ५ तारखेला एक पानी जमाखर्च सूचनाफलकावर चिकटवा. तो पाहून येणाऱ्या देणग्या मी पाहिल्या आहेत.

रिकामे तास न मोजणं

"आमच्याकडे जागाच नाही, सगळं भरलेलं असतं." हे वाक्य मी सकाळी साडेअकराला, रिकाम्या कोर्टाशेजारी बसून ऐकलं आहे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ गर्दी असते, मधले आठ-नऊ तास कुणी नसतं. शंभर पानी वही घ्या, दोन आठवडे दर तासाला किती डोकी आहेत ते लिहा. मग बोलू. दुपारच्या वेळेला गृहिणींचा गट येतो, जवळची शाळा येते, ज्येष्ठ नागरिक येतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले पाळीवर काम करणारे दुपारी मोकळे असतात, ऐरोली-रबाळ्याच्या बाजूला हे लोक खेळायला जागा शोधत असतात. दर कमी ठेवा पण फुकट देऊ नका. फुकट मिळालेल्या वेळेला लोक येत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

वर्गणीचा क्यूआर कोड खजिनदाराच्या किंवा सचिवाच्या वैयक्तिक खात्याचा लावू नका. एक दिवसही नको.

थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. सगळ्यांची देणी थोडी थोडी भागवत बसण्यापेक्षा हे देणं आधी बघा.

कार्यकारिणीतल्या भल्या माणसानं स्वतःच्या खिशातून मंडळाला कर्ज देणं हा चांगुलपणा वाटतो, पण मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही. द्यायचेच असतील तर त्यांनी देणगी द्यावी आणि पावती घ्यावी. रोख देत असतील तर आधी सांगा, २ हजारांच्या वर रोख दिलं की देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही.

मैदानाचा तुकडा टर्फवाल्याला नऊ वर्षांसाठी भाडेपट्ट्यानं देऊन ठोक रक्कम घेणं हल्ली फार दिसतं. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे आधी मंजुरी लागते, नाहीतर तो व्यवहार अवैध. सिडकोचा भूखंड असेल तर मूळ करारातली वापराची अटही वाचा. वाचा म्हणजे स्वतः वाचा, "आपल्याला परवानगी आहे" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

सभागृहाचं भाडं आणि प्रशिक्षणाची फी एका पावतीपुस्तकात घेऊ नका. आयकर विभागाकडे (बारा-एबी) नोंदलेल्या धर्मादाय संस्थेनं दिलेलं खेळाचं प्रशिक्षण जीएसटीतून मुक्त आहे, हॉलचं भाडं नाही. उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर ही सरमिसळ निस्तरणं महाग पडतं. आणि लाकडी कोर्टावर जेवणावळी घालू नका. एका लग्नाच्या भाड्यात कोर्ट दुरुस्त होत नाही.

आमदार निधीची किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीची (सीएसआर) वाट बघत वर्ष घालवू नका. त्यातून शेड होईल, साहित्य येईल, खेळाचं प्रशिक्षण होईल. महिन्याचं वीजबिल त्यातून जात नाही, आणि तुमचा प्रश्न महिन्याचा आहे.

चेंज रिपोर्ट न देणं

हे कुणी संकटाच्या यादीत धरतच नाही. निवडणूक होते, नवे विश्वस्त येतात, हार घातले जातात, फोटो निघतो. तो बदल चेंज रिपोर्ट देऊन ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो, ते राहून जातं. पुढच्या निवडणुकीतही राहतं. मग एक दिवस ठेव मोडायची वेळ येते आणि बँक सह्या बदलून घेत नाही, कारण सरकारी नोंदीत अजून जुनीच नावं आहेत. कंपनी मदत द्यायला तयार असते आणि तिचा माणूस पहिला कागद मागतो तो हाच. नवी मुंबईतल्या एका मंडळाची १४ लाखांची ठेव बँकेत पडून होती आणि जीवरक्षकाचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. नोंदीतल्या सात विश्वस्तांपैकी चार वारले होते, एक मुलाकडे परदेशी. तीन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट एकामागून एक द्यावे लागले, प्रत्येकाबरोबर उशिराची माफी मागणारा अर्ज. जुनी इतिवृत्तं कुणाच्यातरी माळ्यावर सापडली, त्यातली दोन पानं वाळवीनं खाल्लेली. तो जीवरक्षक तेवढा काळ थांबला नाही, दुसऱ्या तलावावर गेला.

म्हणून मला बोलावण्याच्या आधी एक काम करून ठेवा. धर्मादाय कार्यालयातून तुमच्या संस्थेच्या शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदीचा, उतारा काढा. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यावरची विश्वस्तांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचा, आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस आज कुठे आहे ते लिहा.